पेंढा रथावर होता

भागी खांडीत बसली होती आणि पाणी तिच्या काखेला लागलं होतं. पाठ खाडीकडे, तोंड शेताकडे, दोन्ही पाय चिखलाच्या कडांना रोवलेले. मी वर बांधावर पालथी पडून तिचा उजवा हात धरला होता. डाव्या हातानं तिनं मोबाइल कानाला लावला होता आणि ती नवऱ्याला ओरडून विचारत होती, "अवो, पेंढा कुठं हाय? बांधावरचा पेंढा कुठं गेला?"

तिकडे पेणच्या मैदानावर ढोल वाजत होते. तुकारामभावजी इतके ओरडून बोलत होते की मलाही ऐकू आलं. "रथावर हाय! पेंढा रथावर हाय! आता आमचाच नंबर हाय, धा मिनटं थांब!"

"धा मिनटं? मी काय इथं एसटीची वाट बघत बसलेय काय? मेल्यांनो, रथच घेऊन या इकडं!"

फोन बंद झाला. भागी मला म्हणाली, "बाय, हात घट्ट धर गो. आणि मशेरी हाय काय तुझ्याकडं?"

मशेरी नव्हती. ती घरी कोनाड्यात राहिली होती.

भागी माझी धाकटी जाऊ. चार वर्षं झाली या गोष्टीला. आश्विन आला, भात पिवळं पडायला लागलं आणि दुपारचं ऊन पाठीवर चटके द्यायला लागलं की लोकांना काय काय आठवतं ते मला माहीत नाही. मला ढोल ऐकू येतात आणि माझं डोकं फिरतं. यंदा जास्तच फिरलं, कारण परवा समितीचा माणूस एक कागद घेऊन माझ्या ओटीवर आला. त्या कागदाचं पुढे सांगते. आधी बांधाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही.

आमचं गाव वडखळच्या फाट्यावरून आत, खाडीच्या अंगाला. आमची शेतं खाली आहेत आणि भरतीचं पाणी त्यांच्याहून उंच चढतं. मध्ये एक मातीचा बांध. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा बांधाच्या एका बाजूला तोंडापर्यंत खारं पाणी असतं आणि दुसऱ्या बाजूला, माणसाच्या कमरेइतकं खाली, भात डुलत असतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा हे बघून मी दोन पावलं मागे सरले होते. माझं माहेर रोह्याकडचं, डोंगराच्या बाजूचं. तिकडे पाणी वरून येतं आणि निघून जातं. इकडे ते दिवसातून दोनदा येऊन बांधाला धडका देतं.

बांधाला भगदाड पडलं की त्याला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड लहान असेपर्यंत एका माणसानं तिच्यात बसायचं आणि बाकीच्यांनी मागून पेंढ्याचे भारे टाकायचे, मेढी ठोकायच्या, चिखलाचे गोळे रचायचे. माणसानं किती वेळ बसायचं? पेंढा येईपर्यंत. पेंढा दूर नसायचाच. सर्वपित्री झाली की पेंढ्याचे भारे आणि मेढींच्या मोळ्या बांधावर जागोजागी ठेवून द्यायच्या, ही रीत सासूच्या सासूपासूनची. त्या पेंढ्याला कुणी हात लावत नसे. गुरं उपाशी राहिली तरी नाही.

माझ्या माहेरी नवान्नाचा सण म्हणजे नुसतं खाणं. नव्या तांदळाचा भात, त्यावर वालाचं बिरडं. शेजारी एक बेने इस्रायल कुटुंब होतं, आम्ही त्यांना शनवार तेली म्हणायचो. त्यांच्या रहेलबाईचा खिरीचा सण आमच्या पौर्णिमेच्या आधी दहाबारा दिवस यायचा. नवा तांदूळ, नारळाचं दूध, गूळ. चुलीवर पातेलं रटरटायला लागलं की वास आमच्या ओटीवर यायचा आणि मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या दारात उभी राहायची. "आलीस गो? विस्तव मागायला आलीस की खीर मागायला?" रहेलबाई विचारायची. मी म्हणायची, विस्तव. ती म्हणायची, "मग वाटी कशाला आणलीस?"

एकदा मी तिला विचारलं होतं, हा सण कुणी सुरू केला? मला वाटलं ती एखादी मोठी गोष्ट सांगेल, राजाची नाहीतर देवाची. ती पळी चाटून म्हणाली, "कुणीतरी भुकेलं असणार. पोट भरलेल्या माणसाला सण कशाला सुचेल?" पुढे त्यांचं सगळं घर देश सोडून गेलं. जाताना तिनं ते खिरीचं पातेलं माझ्या आईला दिलं. सणाच्या उगमाबद्दल एवढं खरं वाक्य मी नंतर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि भाषणं तर पुष्कळ ऐकली.

सासरी आले तेव्हा नवान्न पौर्णिमेला मला सासूनं पहाटे उठवलं. मला वाटलं नव्या तांदळाचं काहीतरी करायचं असेल. ती म्हणाली, "पायांतलं काढ आणि चल." आम्ही बांधावर गेलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचं, सावकाश. डोळ्यांना कळत नाही ते तळपायांना कळतं, कुठे माती मऊ लागते, कुठे खेकड्यानं बीळ केलंय. आतल्या अंगाला पाझर दिसला तर वाकून त्याचं पाणी बघायचं. स्वच्छ असेल तर भ्यायचं कारण नाही, बांध घाम गाळतो. गढूळ असेल तर धावायचं, कारण पाणी आतून माती खात येतंय. शेवटच्या शेतापाशी पोचलं की एक लोंबी तोडायची, घरी येऊन दाराला बांधायची. लोंबी बांधली म्हणजे त्या घरचं माणूस बांधावर जाऊन आलं. भरतीच्या आधी सासू गावातली दारं बघत फिरायची. ज्या दाराला लोंबी नाही त्या घराचा उद्धार व्हायचा. "काय गो, तुमच्या घरातली काय मेलीत काय सगळी?" असं भर आळीत विचारायची.

त्या दिवशी भाताला विळा लावायचा नाही, बाजाराला जायचं नाही, माहेरी जायचं नाही, गावाची वेस ओलांडायची नाही. मी नवी होते, मला वाटलं देवाचं काही असेल. सासू म्हणाली, "देवाचं कसलं डोंबल! भात तयार हाय आणि आजचं पाणी वर्षातलं सगळ्यात दांडगं. आज गावात माणूस पायजे." म्हणून सगळी घरी. म्हणून गोडधोड, कारण दिवसभर गावात अडकलेली माणसं काय करणार? खाणार. म्हणून गाणीबजावणी, पत्ते, झिम्मा, भांडणं. पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या पुढेमागे येते. ती एकदा उतरली की सगळी बांधावर बसून खीर खात. पाणी आमच्या पायाखालून मागे सरत असे आणि उघडा पडलेला चिखल उन्हात चकाकत असे. तेवढा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा, हे मी आज रागात असूनही लिहिते.

तर आमचा सण असा. पहाऱ्याचा दिवस. तो बाकीच्या देशात कसा सुरू झाला मला माहीत नाही, आणि ज्यांना सगळ्या देशाचं माहीत असतं त्यांना आमचं माहीत नसतं.

चार वर्षांपूर्वी तालुक्यात एक समिती झाली. सुगीचे सण जागोजागी निरनिराळ्या दिवशी होतात, निरनिराळ्या नावांनी होतात, तर सगळ्या देशाचा मिळून एक दिवस असावा, त्या दिवशी देशभर सुट्टी असावी, आणि तो दिवस आपली नवान्न पौर्णिमा असावी, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. वर अर्ज करायचा तर काहीतरी दाखवायला पाहिजे. म्हणून पौर्णिमेच्याच दिवशी पेणला मोठा कार्यक्रम ठरला. गावागावांनी आपले रथ आणायचे. पहिल्या नंबराला ढाल. भाषणं, जेवण, टोप्या.

आमच्या गावातून तीन टेंपो आणि एक बस भरली. पौर्णिमेला वेस ओलांडायची नाही हे कुणालाच आठवलं नाही असं नाही. आठवलं. मी बोलले, दोन म्हातारे बोलले. तुकारामभावजी म्हणाले, "वयनी, एका दिवसानं काय होतंय? बांध काय उठून पळतोय? आपल्याच सणाला देशाची सुट्टी मिळतेय तर आपण नको जायला?" भावजी रथाचे प्रमुख. रथावर शेत दाखवायचं होतं, खळं दाखवायचं होतं, पेंढ्याची उडवी दाखवायची होती. कापणी सुरू व्हायची होती, नवा पेंढा कुठून आणणार? त्यांनी बांधावरचा नेला. भारे नेले, मेढीही नेल्या, झोपडीचे खांब करायला. आदल्या दिवशी दुपारी, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत नेला. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. टेंपो समोरून गेला. मी बघितलं. त्यांना अडवायला उठले नाही.

आणखी एक लिहायचं आहे, ते सगळ्यांत वाईट. त्या वर्षी भागीच्या सुनेनं, सुमननं, पेणच्या बाजारातून तयार तोरणं आणली होती. भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडूची फुलं, लाल दोऱ्यानं बांधलेली. छान दिसत होती. शेजारणींनीही आणली. मला गुडघ्याचा त्रास, ऊन मरणाचं. मी म्हटलं, दाराला लोंबी लागल्याशी कारण. मीही विकतचंच तोरण बांधलं. सकाळी आळीतून नजर टाकली तर एकूण एक दाराला लोंब्या. सासू असती तर तिनं शाबासकी दिली असती. सगळी दारं सांगत होती की घरोघरचं माणूस बांध बघून आलं. एकही माणूस गेलेलं नव्हतं.

लोक म्हणतात सरकारनं बांधाकडे बघितलं नाही. तेही खरं. पण मी माझ्या दाराबद्दल बोलते आहे.

भागी पेणला का गेली नाही, हेही समितीच्या कागदात नाही. भागी गावातली सगळ्यात जाड बाई. रथावर कापणी करणाऱ्या बाया दाखवायच्या होत्या, तिनं त्यासाठी हिरवी साडी घेतली होती, ब्लाउज शिवून घेतला होता. आदल्या संध्याकाळी भावजींनी तिला सांगितलं की फोटोत बरं दिसत नाही, बारीक बाया घेतल्यात. ती त्या रात्री जेवली नाही. सकाळी टेंपो गेल्यावर तीच नवी साडी नेसून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "चल गो बाय, बांधावर जाऊन येऊ. घरात माझा जीव जळतोय. रथावर नाय तर नाय, बांधावर तरी मिरवीन." आम्ही हसलो. अशा रीतीनं त्या दिवशी गावातून दोन बाया बांधावर गेल्या, एक रुसलेली आणि एक लंगडी.

लोंबी पिकली की वारा नसतानाही तिचा बारीक आवाज येतो, कुणीतरी दूरवर सुपात काही पाखडत असल्यासारखा. तो येत होता. खारातल्या भाताला एक खरपूस वास असतो, तो येत होता. खाडी अगदी काठापर्यंत भरली होती, आणखी चढत होती, आणि तिच्यावर एक लाट नव्हती. मला अशा पाण्याची भीती वाटते. भागी पुढे चालत नवऱ्याला शिव्या घालत होती. मध्येच थांबली. आतल्या अंगाला वाकली.

"बाय, हे पाणी बघ."

गढूळ होतं. चहासारखं.

टेंपोचं मी तिला सांगितलं नव्हतं; चार भारे तरी मागे ठेवले असतील या आशेवर म्हटलं, पेंढा आण. ती पेंढ्याच्या जागेकडे धावली, मग पुढच्या जागेकडे धावली. नुसती पिवळी पडलेली गवताची खूण होती. तेवढ्यात बांधाचा वरचा भाग एका माणसाच्या रुंदीइतका खाली बसला आणि पाणी आत आलं. भागीनं सुमनला फोन केला, म्हणाली, मिळेल ते घेऊन ये, मिळेल त्याला घेऊन ये. फोन ठेवला आणि साडी खोचून खांडीत उतरली. मी म्हटलं, मी बसते. ती म्हणाली, "तू काय बसणार, तू वाहून जाशील पाचोळ्यासारखी. हिथं माझ्यासारखीच पायजे." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, शेवटी जाड बाईचंच काम पडलं काय नाय?" मग तिनं नवऱ्याला फोन लावला. तो सुरुवातीला सांगितला.

त्यानंतर तिनं काय म्हटलं ते मी लिहिते, कारण आता तिच्या तोंडी भलतंच काही घालताहेत. ती म्हणाली, पाणी थंड आहे. म्हणाली, पाठीला काहीतरी टोचतंय. म्हणाली, साडी वाया गेली. नवऱ्याला पाच-सहा शिव्या दिल्या, त्या छापता येणार नाहीत. मध्ये एकदा विचारलं, "सुमन दिसतेय काय गो?" मी म्हटलं, दिसतेय. दिसत नव्हती. तिला जगायचं होतं. कुणासाठी जीव द्यायला ती उतरली नव्हती, पेंढा येईपर्यंत बसायला उतरली होती.

माझ्या छातीखालची माती हलली. चीर गेली. ती चीर मी पोटाखाली जाताना अंगानं ओळखली. बांध माझ्यासकट आत ढासळत होता आणि भागीचं सगळं वजन माझ्या एका हातावर होतं. मी हात सोडला.

हात सुटला असं मी पहिले दोन महिने सांगत होते. सुटला नव्हता. मी सोडला. सोडला नसता तर आम्ही दोघी गेलो असतो, असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही असेल. तिनं त्या वेळी माझ्याकडे बघितलं का, ते मला माहीत नाही. मी डोळे मिटले होते.

सुमन आली तेव्हा तिच्याबरोबर शिफ्ट करून झोपलेले कंपनीतले दोन पुरुष आणि चार बाया होत्या. त्यांनी स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढून आणलं होतं, गाद्या आणल्या होत्या, रेशनच्या तांदळाचं पोतं आणलं होतं. तोवर खांड दहा हात झाली होती. पाण्यानं दार एका घोटात गिळलं. सुमन पाण्यात उडी घेत होती, तिला चौघांनी धरलं. तिचं तापानं फणफणलेलं पोर घरी एकटं होतं. ती आई आई ओरडत होती, तिची हाक सासूला होती.

ओहोटी लागल्यावर, अजून उजेड होता तेव्हा, भागी भातात सापडली. भात आडवं झालं होतं आणि त्याच्यावर ती पालथी. साडीचा पदर उघाडीच्या दगडाला अडकला होता. उघाडी म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायची बांधातली मोरी.

आमच्या रथाला पहिला नंबर मिळाला. टेंपो दुसऱ्या दिवशी परत आला. पेंढा कोरडा ठाक होता, एक काडी भिजली नव्हती. भावजींनी तो स्वतःच्या हातानं उतरवला आणि बांधावर जिथे होता तिथे नेऊन ठेवला. मला त्यांची कीव आली नाही. अजूनही येत नाही. मी प्रयत्न केला.

खारं पाणी शिरलं की त्या जमिनीत पुढे तीन-चार पावसाळे धड काही येत नाही. उन्हाळ्यात शेतांवर पांढरी साय धरते. चालताना ती पायाखाली करकरते. रोह्याला माहेरी गेले की भाऊ वालाचं बी पेरत असतो, ओल्या जमिनीला गोड वास येतो, आणि मला तो सोसत नाही. मी भावाला म्हणते, तुमच्याकडे बांध नाही म्हणून तुम्हाला सण साजरा करता येतो. त्याच्या बायकोनं एकदा खीर वाढली, रहेलबाईच्या पातेल्यातली, मी वाटी खाली ठेवली.

आता तो कागद. समितीच्या माणसानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, द्या इकडे, मला वाचता येतं. मी चौथीपर्यंत शिकले आहे. समितीची खरी अडचण तीच झाली.

कागदावर लिहिलं होतं 'सणाचा उगम'. आपल्या तालुक्यात पुरातन काळापासून नवान्न पौर्णिमेला भूमातेचे आभार मानण्याची प्रथा आहे. त्याच प्रथेला उजाळा देताना भागीरथीमातेनं हसतमुखानं भूमीसाठी देह अर्पण केला. जावेचे प्राण वाचावेत म्हणून तिनं स्वतःच आपला हात सोडवून घेतला. तिच्या स्मरणार्थ हा दिवस राष्ट्रीय सुगी दिन व्हावा. खाली ओळ होती, प्रत्यक्ष साक्षीदार, आणि माझं नाव. सही करायला मोकळी जागा.

भागीरथीमाता! भागीला हयातीत कुणी भागीरथी म्हटलं नाही, रेशनकार्डवर सोडून.

मी विचारलं, "हसतमुखानं कुणी बघितलं?"

"आजी, ते लिहायची पद्धत असते."

"पेंढ्याचं कुठं हाय यात?"

"तो बारीक तपशील आहे. देशपातळीवर जायचं आहे हे. लोकांना प्रेरणा मिळाली पाहिजे."

"लोकांना पेंढा मिळाला पायजे," मी म्हटलं.

तुकारामभावजी बरोबर आलेच होते. दरवर्षी स्टेजवर त्यांना शाल मिळते. आता केस पिकलेत, मान थोडी हलते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "वयनी, लिवलंय तसं राहू दे. तिचं नाव होतंय."

"तिचं नाव होतंय की तुमचं झाकतंय?"

"तुमचंपण झाकतंय," ते म्हणाले.

खरं होतं ते. त्या कागदात मी हात सोडलेला नव्हता. सही केली असती तर देशभर छापून आलं असतं की मी सोडला नाही. पोरंबाळं शाळेत वाचतील, माझी नातवंडं वाचतील. कागद माझ्या मांडीवर होता, पेन त्या माणसानं टोपण काढून हातात दिलं होतं. मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. बराच वेळ मी त्या एका ओळीकडे बघत बसले. सुमन दारात उभी होती.

सण कसे सुरू होतात ते मी त्या दिवशी माझ्या ओटीवर बघितलं. एक माणूस मरतं. ज्यांच्यामुळे मरतं त्यांना झोप येत नाही. मग त्यांना झोप यावी म्हणून मेलेल्याला हसतमुख करतात. पुढच्यांना ते पाठ होतं. आणखी पुढच्यांना त्याची सुट्टी मिळते. कोण जाणे, जुने सणही असेच झाले असतील. ती लोंबीची रीतही आधीच्या कुठल्या तरी भागीमुळे पडली असेल आणि आम्ही तिचं तोरण करून टाकलं.

मी पेन परत दिलं. म्हटलं, सही करायची नाही. त्या माणसानं तोंड वाकडं केलं, म्हणाला, "मग आजी, तुमच्या मते उगम म्हणून लिहायचं तरी काय? चार ओळींत सांगा, तेवढीच जागा आहे."

मी म्हटलं, कागदात घेणार असाल तर सांगते. भावजी उठून अंगणात गेले. सुमन जागची हलली नाही. मी चार ओळी सांगितल्या, त्यानं लिहून घेतल्या, छापतील की नाही मला माहीत नाही. म्हणून इथे माझ्या हातानं लिहून ठेवते.

पौर्णिमेला बांधावर पेंढा नव्हता, तो रथावर होता. गावातल्या एकाही माणसानं बांध बघितला नव्हता, दाराला लोंब्या मात्र होत्या. भागी खांडीत बसली आणि तिच्या जावेनं तिचा हात सोडला. भागी मेली, जाऊ जगली.